लाटेवरचं वळण: समुद्र नसलेल्या शहरातून एक आढावा

रायपुरात मरीन ड्राइव्ह आहे, समुद्र तेवढा नाही. तेलीबांधा तलावाच्या काठाला लोकांनी हे मुंबईचं नाव कधीच देऊन टाकलंय आणि संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्या कुणाला त्यात वावगं वाटत नाही. अशा गावात बसून सर्फिंगमधल्या वळणांचा आढावा घ्यायचा म्हणजे आगाऊपणाच. पण नकाशा उघडला की प्रकरण तितकं हास्यास्पद राहत नाही. आपल्या खारूनचं पाणी शिवनाथला मिळतं, शिवनाथ महानदीला. हिराकुड ओलांडून महानदी कटकला पोचते आणि तिला फाटे फुटतात: काठजोडी, काठजोडीतून कुआखाई, कुआखाईतून कुशभद्रा. ही कुशभद्रा जिथे बंगालच्या उपसागरात उतरते, ते कोणार्कजवळचं रामचंडी. नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यांवर तिथे लाट बरी फुटते. इंडिया सर्फ फेस्टिव्हल २०१२ साली सुरू झाला तो याच किनाऱ्यावर.

पुरीला जाणाऱ्या गाड्या रायपूरवरून आधीपासूनच आहेत. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारतही धावू लागली. सकाळी बसलं की दुपारी विशाखापट्टणम, आणि ऋषिकोंड्याचा किनारा गावाला लागूनच. त्यामुळे चौबे कॉलनीतली किंवा तात्यापाऱ्यातली मुलं जगन्नाथाच्या दर्शनाला घरच्यांबरोबर जातात, तेव्हा दोन तास बोर्ड भाड्याने घेणं ही आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. पहिल्या खेपेला पोटावर झोपून किनाऱ्यापर्यंत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उभी राहतात आणि फेसाळ पाण्यावरून नाकासमोर सरळ येतात. गाडं अडतं ते त्यानंतर. बोर्ड वळत नाही. वळवायला जावं तर पडायला होतं, न वळवावं तर लाट निघून जाते.

या अडलेल्या जागेवर सल्ल्यांचा पूर आहे. व्हिडिओ आहेत, प्रशिक्षकांची आपापली घराणी आहेत, चाकांचे बोर्ड विकणारे आहेत, क्रीडाशास्त्राचे प्रबंध आहेत. त्यातलं बहुतेक सगळं समुद्रकाठी राहणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. वर्षातून मोजके दिवस पाणी मिळणाऱ्याने यातलं काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी वेळेचा हिशेब. स्पर्धेत उतरणाऱ्या सर्फरांचा पाण्यातला वेळ कशात जातो, हे मोजणारे दोन अभ्यास २००६ आणि २०१२ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींत निम्म्याहून थोडा अधिक वेळ हातांनी पाणी ओढत पुढे सरकण्यात गेला, उरलेल्यातला मोठा भाग बोर्डावर बसून वाट बघण्यात. प्रत्यक्ष लाटेवर उभं राहून घालवलेला वेळ पहिल्या अभ्यासात ४ टक्क्यांच्या आसपास होता, दुसऱ्यात ८. हे पट्टीच्या लोकांचं. शिकणाऱ्याचं आपणच मोजावं: तासाभरात तीन-चार मिनिटं मिळाली तरी नशीब, आणि त्यातली वळणाच्या कामाची तर काही सेकंदंच. म्हणूनच पंचवीस करामतींची यादी घेऊन पुरीला जाणं मला वेडेपणाचं वाटतं. एक वळण घेऊन जावं.

वळण कुठलं, हे ठरवण्याआधी वळण होतं कशाने ते बघायला हवं. सर्फबोर्डला ना इंजिन, ना शीड. त्याचा सगळा वेग लाटेच्या उतारावरून येतो, आणि बोर्ड वळतं ते वेगात असताना कडेवर, म्हणजे रेलवर, कललं तरच. वेग नसताना कललं की कड पाण्यात रुतते आणि माणूस त्या बाजूला आडवा होतो. शिकाऊ माणसाला वाटतं आपला तोल गेला. तोल शाबूत असतो, वेग नसतो. आणि फुटून गेलेल्या फेसात वळण्याजोगा वेग मिळत नाही. तो न फुटलेल्या, हिरव्या उतारावर असतो, त्यातही लाट जिथे फुटायच्या बेतात असते त्या जागेच्या लगत. या जागेला सर्फर पॉकेट म्हणतात. तिथून जितकं लांब सरकावं, शोल्डरकडे, तितका उतार सपाट आणि वेग मंद. सगळी वळणं पाहिली तर त्यांचं काम एकच असतं: पॉकेटमधून निघायचं आणि पुन्हा पॉकेटमध्ये यायचं.

तेव्हा पहिली सुधारणा वळणाच्या आधीचीच. लाट पकडतानाच बोर्डाचं नाक किंचित ज्या बाजूला लाट उघडी आहे त्या बाजूला ठेवायचं आणि उठताना नजरही तिकडेच. सरळ किनाऱ्याकडे उतरून मग काटकोनात वळू म्हणणाऱ्याला लाट थांबून राहत नाही. दुसरी सुधारणा पंपिंगची: उताराच्या वरच्या भागात अंग मोकळं करायचं, खाली येताना गुडघे मिटायचे आणि वळसा वर चढताना पुन्हा दाबून उठायचं. नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून ज्याने झोका चढवलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुणीही न ढकलता, फक्त बसण्या-उठण्याची वेळ साधून झोका उंच जातो. भौतिकशास्त्र इथेही तेच आहे.

आता मुख्य वळण. माझ्या मते शिकणाऱ्याने बॉटम टर्नखेरीज दुसऱ्या कशाचा ध्यास घेऊ नये. उतारावरून खाली येताना मिळालेला वेग पायथ्याशी वळवून पुन्हा वर न्यायचा, इतकंच ते वळण. दिसायला साधं. फोटोत तर कुणी त्याच्याकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष वर उडालेल्या पाण्याकडे. पण ते पाणी वर उडतं ते खालच्या वळणामुळे.

किनाऱ्यावरून मोबाइलवर काढलेला कुठल्याही नवशिक्याचा व्हिडिओ घ्या आणि थांबवून थांबवून बघा. तो उठतो, उतारावरून खाली येतो, पायथ्याशी पोचतो. इथे थांबवा. पाय जवळजवळ ताठ, कमरेतून पुढे वाकलेला, डोळे बोर्डाच्या नाकावर, दोन्ही हात पसरलेले. पुढच्या चौकटीत तो खांदे झटकून वळायचा प्रयत्न करतो. खांदे वळतात, बोर्ड सरळच जातं. त्यापुढची चौकट सांगायला नको. आता जमणाऱ्याचा व्हिडिओ त्याच जागी थांबवा. गुडघे पार मिटलेले, छाती पुढच्या मांडीच्या जवळ आलेली, पाठ मात्र फारशी वाकलेली नाही. लाटेकडे तोंड असेल तर वजन पायाच्या बोटांवर, बोर्डाची आतली कड पाण्यात घुसलेली. मागचा हात पाण्याला टेकतोय. पुढचा हात लाटेच्या माथ्यावरच्या, तो जिथे जाणार आहे त्या जागेकडे रोखलेला, आणि नजर त्या हाताच्याही पुढे. पुढच्या चौकटीत तो वळत नाही; तो उठतो. मिटलेले गुडघे उलगडतात आणि बोर्ड वर चढतं. वळणाचा जोर खांद्यांतून येत नाही, कलण्यातून आणि या उलगडण्यातून येतो.

वेळ चुकण्याचे प्रकार दोन. अर्ध्या उतारावरच वळलं तर वेग साठलेला नसतो आणि बोर्ड शोल्डरवर जाऊन मरतं. फार उशीर केला, पार सपाट पाण्यात जाऊन वळलं, तर लाट तोवर पुढे निघून गेलेली असते किंवा डोक्यावर कोसळते. नवशिके बहुधा दुसरी चूक करतात, थोडं जमायला लागलेले पहिली.

बाकीच्या करामती भराभर पाहून घेऊ. कटबॅक म्हणजे शोल्डरवर पोचल्यावर उलट वळून पॉकेटमध्ये परत येणं. त्यात नजर फुटणाऱ्या फेसाकडे जावी लागते, आणि ती तिकडे न्यायचं धैर्य हाच अर्धा कटबॅक. फेसापर्यंत जाऊन त्यावर आपटून पुन्हा फिरलं की तो राउंडहाउस. स्नॅप म्हणजे माथ्याशी मागच्या पायाच्या जोरावर मारलेलं आखूड, तुटक वळण. मागचा पाय फिनांच्या, म्हणजे बोर्डाच्या शेपटीखालच्या पात्यांच्या, वर नसेल तर ते होत नाही, हे इतकं साधं कारण कित्येकांना फार उशिरा कळतं. फ्लोटरबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यांवर तो उपयोगाचा आहे. वाळूच्या तळावरच्या लाटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत फुटत नाहीत. मध्येच एक लांबलचक तुकडा एकदम कोसळतो. तेव्हा खाली अडकण्याऐवजी बोर्ड वर चढवून, अंग हलकं ठेवून त्या कोसळणाऱ्या कडेवरूनच पुढे सरकायचं आणि उतरताना गुडघे मिटायचे. हवेतल्या उड्यांचं इथे काम नाही. ज्यांना त्या येतात ते हा लेख वाचत नसावेत.

बोर्डाबद्दल मतभेद जुने आहेत आणि मी एका बाजूचा आहे. आठ-नऊ फुटी मऊ बोर्ड शाळांमध्ये मिळतं. त्यावर उभं राहता आलं की पोरांना ताबडतोब सहा फुटी टोकदार बोर्ड हवं असतं, कारण व्हिडिओतले सगळे त्यावरच असतात. आजच्या लहान बोर्डाची तीन फिनांची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० मध्ये साकारली आणि पुढच्याच वर्षी त्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. तेव्हापासून लहान बोर्ड म्हणजे वळणं असं समीकरण बसलं. ते खोटं नाही. पण लहान बोर्ड पाण्यात कमी तरंगतं, लाट पकडायला जास्त ताकद आणि अचूक वेळ मागतं, म्हणजे आधीच तुटपुंज्या असलेल्या लाटा आणखी कमी होतात. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये लिहिलेलं असतं. शिकणाऱ्यासाठी तो आकडा स्वतःच्या वजनाच्या किलोंपेक्षा वरचा असावा, हा अंदाज चांगला आहे. मोठं बोर्ड वळत नाही, ही तक्रार पुष्कळदा पायांची असते: मधोमध उभं राहून ते वळणारच नाही. मागचा पाय उचलून शेपटीकडे, फिनांवर नेला की नऊ फुटीही वळतं, फक्त सावकाश. ब्राझीलचा इतालो फेरेरा बापाच्या मासे ठेवायच्या थर्मोकोलच्या पेटीच्या झाकणावर लाटा धरायला शिकला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं पहिलं सर्फिंग सुवर्ण त्याने घेतलं. उपकरणाच्या चिंतेत असलेल्या पालकांना मी हे हमखास सांगतो.

लक्ष कुठे ठेवायचं, याविषयी क्रीडा-मानसशास्त्रात एक ठोस निष्कर्ष आहे आणि त्याचा उगम पाण्यावरच झालाय. गॅब्रिएले वुल्फ या संशोधक बाई विंडसर्फिंगमधलं एक अवघड वळण शिकत होत्या. पाय कुठे आहेत, कुठल्या पायावर किती दाब आहे, याकडे लक्ष दिलं की फसत. ते सोडून फक्त बोर्ड किती कललंय याकडे लक्ष दिलं आणि वळण जमू लागलं. १९९८ पासून त्यांनी आणि इतरांनी यावर प्रयोग केले आणि अनेक खेळांत तेच दिसलं: आपल्या अवयवांपेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे लक्ष ठेवणारे लवकर शिकतात. म्हणजे मी वर बॉटम टर्नची जी शरीररचना सांगितली, ती व्हिडिओ बघताना आठवायची. लाटेवर असताना मनात एकच गोष्ट हवी: कड पाण्यात, आणि मी त्या तिथे चाललोय. प्रशिक्षक किनाऱ्यावरून ‘गुडघा, गुडघा, हात, हात’ असं ओरडतो तेव्हा त्याचा हेतू चांगला असतो, परिणाम नसतो.

मग जमिनीवर काय करावं? इथे रायपूरकरांची चलती आहे, कारण नवा रायपूरचे रुंद, रविवारी पहाटे रिकामे असणारे रस्ते कुठल्या सर्फ-गावाच्या नशिबी नाहीत. सर्फस्केट म्हणजे पुढचा चाकांचा जोड जास्त फिरणारा स्केटबोर्ड. पाय जमिनीला न लावता, अंगाच्या वळणांनीच त्याला वेग देता येतो. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये १९९०च्या दशकात कार्व्हर कंपनीने तो घडवला. पण कल्पना जुनीच. सत्तरच्या दशकात हवाईचा लॅरी बर्टलमन लाटेवर इतका खाली बसून वळायचा की हात पाण्याला लागे. त्याच्या वळणांची नक्कल कॅलिफोर्नियाच्या पोरांनी काँक्रीटवर केली आणि आधुनिक स्केटबोर्डिंगला वळण लागलं. आता उलटा प्रवास चालू आहे.

सर्फस्केटचे गोडवे गाणारे आणि नाकं मुरडणारे, दोन्ही गट अर्धे बरोबर आहेत. खाली बसणं, नजर पुढे टाकणं, मिटणं-उलगडणं यांचा ताल चाकांवर शेकडो वेळा घोटता येतो, जो पाण्यात वर्षभरात मिळणार नाही. उताराच्या रस्त्यापेक्षा सपाट जागेवर दोन खडूच्या खुणा करून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहणं जास्त फायद्याचं. पण स्केटचा पुढचा जोड नुसत्या खांद्याच्या झटक्यानेही वळतो. बोर्ड तसं वळत नाही. म्हणून चाकांवर झटके देऊन जोरात फिरणारे पाण्यात गेले की तेच झटके देतात, आणि वर सांगितलेल्या नवशिक्याच्या चौकटीत जाऊन बसतात. सावकाश, मोठ्या वळशाने, कलून फिरणं एवढंच स्केटवर करावं. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घालून.

त्याहून महत्त्वाचं, आणि कंटाळवाणं म्हणून कुणी न करणारं काम तरणतलावातलं. निम्मा वेळ हात मारण्यात जातो हे वर आलंच. ज्याचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात, त्याला वळणाचा सराव मिळतच नाही, कारण त्याच्या वाट्याला लाटाच येत नाहीत. दोन महिने फ्रीस्टाइल पोहून गेलेला मुलगा तंत्राचं काही न शिकताही जास्त वळणं मारून येईल.

समुद्रापासून दूर असलेली शहरं याहून पुढे गेलेली आहेत. म्युनिकच्या मधोमध आइसबाख कालव्यावरची उभी लाट प्रसिद्ध झाली. तिथे सत्तरच्या दशकापासून लोक सर्फ करत आले आणि २०१० मध्ये त्याला कायदेशीर परवानगी मिळाली. अमेरिकन सर्फर केली स्लेटरने समुद्रापासून सुमारे १६० किलोमीटर आत, कॅलिफोर्नियातल्या लेमूरला कृत्रिम लाटांचं तळं उभारून २०१५ मध्ये जगाला दाखवलं. तीच लाट पुन्हा पुन्हा मिळणं वळणाच्या सरावाला उत्तम. मात्र समुद्रात लाट वाचावी लागते आणि ते तळ्यात शिकता येत नाही. आपल्याकडे तसं तळं होईल तेव्हा होईल. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

किनारा निवडताना एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पूर्व किनाऱ्यावर मोठ्या लाटा दक्षिणेकडून येतात आणि तिरप्या लागून उत्तरेकडे फुटत जातात. किनाऱ्याकडे तोंड केलं तर ती उजवी बाजू. पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याला किंवा कर्नाटकात मुळकीला, नैर्ऋत्येकडून आलेली लाट त्याच न्यायाने बहुधा डावीकडे उघडते. नदीमुखं आणि बंधारे याला अपवाद ठरतात. म्हणजे डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला विशाखापट्टणम किंवा महाबलीपुरमला लाट तोंडासमोर मिळते, गोव्यात पाठीमागे. पाठीमागच्या लाटेवर बॉटम टर्न टाचांवर घ्यावं लागतं आणि नजर खांद्यावरून वळवावी लागते, ते अवघड. शिकताना डावा पाय पुढे असलेल्यांनी पूर्व किनारा धरावा, उजवा पाय पुढे असलेल्यांनी थोडे पैसे साठवून पश्चिम. कोकणात मालवण-तारकर्लीला स्कूबा रुजलं तसं सर्फिंग अजून रुजलेलं नाही, आणि पावसाळ्यात तर तिथला समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीही टाळतात.

देशातल्या सर्फिंगचा पाया याच दोन किनाऱ्यांवर पडला. मुळकीला जॅक हेबनर, ज्यांना सगळे सर्फिंग स्वामी म्हणत, त्यांच्या आश्रमातून मंत्र सर्फ क्लब उभा राहिला. मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीयने मणिपालला शिकत असताना बोर्ड हाती घेतलं आणि २००७ मध्ये तुषार पथियानबरोबर कोडी बेंगरेला शाका सर्फ क्लब काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. रमेश बुदिहाळने तिथे कांस्य मिळवलं, आशियाई स्पर्धेतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. अंतिम फेरीत त्याचे गुण १२.६०, पहिल्या आलेल्या दक्षिण कोरियाच्या खेळाडूचे १५.१७. हे गुण दोन सर्वोत्तम लाटांचे, प्रत्येकी दहापैकी. परीक्षक बघतात ते धाडस, अवघडपणा, विविधता, वेग आणि ओघ. किती वळणं मारली याची मोजदाद नव्हे. पॉकेटपासून लांब, निवांत शोल्डरवर काढलेल्या चार सुबक वळणांपेक्षा कोसळत्या माथ्याशी घेतलेलं एक वळण भारी ठरतं.

आणि धोक्याचं. पुरीच्या मुख्य किनाऱ्यावर लाट काठाशीच आदळते, पाणी ओढून नेतं. तिथे पांढऱ्या टोकदार टोप्या घातलेले नोलिया उभे असतात. मूळचे कोळी, आता जीवरक्षकही. त्यांनी नाही म्हटलं की नाही. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते. तिकीट काढण्याआधी तो बघावा, आणि दूरच्या वादळाने उठणाऱ्या लाटांचा इशारा असेल तर बोर्डाचा विचार सोडून देऊन नुसतं दर्शन घेऊन परतावं.

जाणार असाल तर सर्फ-शाळेला आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षक पाण्यात सोबत असतो की काठावर, आठ फुटांवरचं बोर्ड मिळेल का, आणि किनाऱ्यावरून कुणी व्हिडिओ काढून देईल का. तिन्हींचं उत्तर हो असेल तिथेच पैसे भरा. लहान बोर्डाचा हट्ट घरच्या मुलाने धरला, तर या खेपेला तरी तो पुरवू नका.